मापवहीतली फुली

खंडेनवमीच्या दिवशी ‘विठोजी अँड सन्स, लेडीज टेलर्स’चं शटर अर्धंच वर असतं. पुरतं उघडलं तर गिऱ्हाईक आत शिरतं, गिऱ्हाईक शिरलं की सत्यनारायणाचा हात आपोआप कात्रीकडे जातो, आणि त्या एका दिवशी कात्रीला, सुईला, मशिनीला कुणी कामासाठी हात लावायचा नाही. सहाही मशिनी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून भिंतीशी बसवल्या होत्या. पुढ्यात कात्र्या, टेप, खडू आणि मधोमध लाल कापडावर मापाच्या वह्या. दारात कोहळा फुटून गेला होता आणि कब्बनपेटेतल्या त्या अरुंद गल्लीत जिकडेतिकडे कुंकवाचा लाल चिखल झाला होता.

लक्ष्मीदेवी तिसऱ्यांदा दाराशी जाऊन आली.

“पद्मक्का अजून आल्या नाहीत,” ती म्हणाली.

“येतील गं आई,” विनोदकुमार म्हणाला. “सर्जापूर रोडवरून यायचं म्हणजे चेष्टा आहे का? त्यापेक्षा देवनहळ्ळी गाठून विमानानं येणं बरं.”

विनोदकुमारला स्वतःचे विनोद आवडत, आणि दुकानात ते आवडणारा तो एकटाच होता. त्याची बायको सणाला माहेरी दावणगेरेला गेली होती, त्यामुळे आज हसून दाखवायलाही कुणी नव्हतं. त्याचा काका सत्यनारायण, दुकानाचा अर्धा मालक आणि पन्नास वर्षं कापड कापत आलेला कटर, कोपऱ्यात चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधत बसला होता. विनोदची मुलगी शिल्पाश्री लॅपटॉप मांडीवर घेऊन पाटावर बसली होती. तिचं आयुध ते, म्हणून आज्जीनं सकाळी त्यालाही हळदकुंकू लावलं होतं.

कापायच्या टेबलावर, फुलांपासून जरा बाजूला, एक निळी फाइल होती. तिच्यातल्या करारावर तीन सह्या हव्या होत्या: विनोदची, काकाची, आईची. करार ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीशी; कंपनी शिल्पाश्रीचीच, म्हणजे ती जिथं दोन वर्षं नोकरीला होती ती. गिऱ्हाइकाचं माप एकदा कंपनीकडे गेलं की बाईनं घरबसल्या कापड निवडायचं, शिवायचं काम विठोजी अँड सन्सनं करायचं. वह्यांतली मापं आषाढ-श्रावणातच शिल्पाश्रीनं उतरवून घेतली होती. उरल्या होत्या त्या सह्या, आणि विनोदनं त्यासाठी हाच मुहूर्त धरला होता.

लक्ष्मीदेवीला सह्यांचं काही वाटत नव्हतं. सांगेल तिथं ती करणार होती. तिला पद्मक्का हवी होती.

पद्मावती दर खंडेनवमीला येई. अडतीस वर्षं. आधी बसवनगुडीहून चालत, मग रिक्षानं, आणि नवरा गेल्यावर मुलगा-सुनेकडे सर्जापूर रोडला राहायला गेल्यापासून टॅक्सीनं. शाळेत गणित शिकवलेली बाई, माध्व ब्राह्मणांच्या घरातली, सोवळ्याओवळ्याची. पण इथं येऊन शिंप्याच्या स्टुलावर बसून चुरमुरे-डाळं खाई. दोघी एकमेकींना अक्का म्हणत. थोरली कोण ते कधी ठरलंच नाही.

ती आली तेव्हा बारा वाजत आले होते. शटरखालून वाकून आत आली, कुणाकडे बघून हसली नाही, मशिनींना हात जोडले आणि थेट म्हणाली, “लक्ष्मक्का, स्वल्प, जरा आत चला.”

आत म्हणजे पडद्यामागं. तिथं एक आरसा, एक खुंटी, एक बाक. त्या जागेत घरच्या पुरुषांनी पाऊल टाकायचं नाही, हा सासऱ्यांच्या, विठोजीच्या वेळचा नियम. माप घरच्या बाईनं घ्यायचं आणि आकडे तिनंच वहीत लिहायचे. लक्ष्मीदेवीची सासू म्हणत असे, बाई आपल्यासमोर पदर उतरवते ती आपल्या हातावर भरवसा ठेवून नाही, तोंडावर ठेवून. म्हणून आकड्यांपलीकडे वहीत काही लिहायचं नाही. एखादीचं काही वेगळं असलं, खांद्यावर भाजल्याची खूण, दंडावरचे वळ, दिवस गेलेले आणि अजून कुणाला न सांगितलेले, तर नावापुढं नुसती एक फुली. फुलीचा अर्थ माप घेणारीनं डोक्यात ठेवायचा.

पद्मावतीच्या नावापुढं अकरा वर्षांपूर्वी फुली पडली होती.

“हे बघा,” पद्मावतीनं फोन पुढं केला. चष्मा नसल्यानं लक्ष्मीदेवीला चित्र तेवढं दिसलं: एक हसरी बाई, केशरी ब्लाउज. “इंग्रजीत आहे. वाचून दाखवते. ‘पद्मावतीजी, शस्त्रक्रियेनंतरही तोच आत्मविश्वास. डाव्या बाजूला भरण असलेले तयार ब्लाउज, खास तुमच्या मापाचे.’” तिनं फोन बाकावर पालथा ठेवला. “परवा अनुषा माझ्या फोनवर नातीचे फोटो बघत होती. तेव्हा हे वर आलं.”

अनुषा तिची सून, मुलगा कार्तिकची बायको.

“कार्तिकला कळलं?”

“लगेच. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तो अमेरिकेत होता, परीक्षा सोडून येईल म्हणून आम्ही दोघांनी सांगितलं नव्हतं. मग सांगायचं राहिलं. मग हे गेले.” हे म्हणजे हयवदनराव. “आईला कॅन्सर होता हे पोराला जाहिरातीतून कळलं, लक्ष्मक्का. रात्रभर बोलला नाही. सकाळी विचारतो, अम्मा, अजून काय काय लपवलंयस? तेव्हापासून मी बाथरूमला गेले तरी दार वाजवतात. नातीला मांडीवर घेतलं तर अनुषा म्हणते, जपून. अकरा वर्षं मी बरी होते हो. परवापासून पेशंट झाले.”

तिचा आवाज चढला नाही. वर्गात गणित समजावून सांगावं तसंच तिनं हे सांगितलं, आणि म्हणूनच लक्ष्मीदेवीला रडू यायला लागलं.

“कार्तिक म्हणतो, दुकानातून गेलं. मध्ये तुमच्या दुकानाच्या नावानं मेसेज आला होता म्हणे, मापं जपून ठेवू का, होय म्हणा. मी म्हटलं होय. वाचलंसुद्धा नाही, दुकानाचं नाव होतं ना. पण मी त्याला सांगितलं, माप गेलं असेल, छाती-कंबर गेली असेल. ही गोष्ट वहीत लिहिलेलीच नाही. ती लक्ष्मक्काच्या डोक्यात आहे, आणि ती बाई मरेल पण सांगणार नाही. हॉस्पिटलातून गेलं असेल म्हटलं. तर हसला. तू कुणावरही विश्वास ठेवतेस म्हणाला. काल आम्ही भांडलो, तुमच्यावरून.” तिनं फोन उचलून पर्समध्ये टाकला. “तुमच्या तोंडून एकदा ऐकायला आले. म्हणजे मला छातीठोक सांगता येईल त्याला.”

“आमच्याकडून नाही हो गेलं,” लक्ष्मीदेवी म्हणाली.

मनापासून म्हणाली. आणि वाक्य बाहेर पडल्यावर तिला श्रावणातल्या संध्याकाळी आठवल्या. खारा बनचा वास, शिल्पाश्रीची मांडी घालून बसायची पद्धत, आणि तिचा प्रश्न: आज्जी, ही फुली कसली गं?

तिनं तिथंच थांबवायला हवं होतं. “थांबा पद्मक्का” एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पद्मावतीनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला होता, दाबला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा आल्यासारखं हसू आलं होतं.

“मला माहीत होतं,” पद्मावती म्हणाली. “बरं, येते. टॅक्सी उभी आहे. जेवायला परत येते म्हणून सांगून आलेय, नाहीतर फोन सुरू होतील.”

*

पद्मक्का प्रसाद न घेता गेल्या, हे विनोदकुमारच्या लक्षात आलं. सत्यनारायणकाका पुडी हातात घेऊन उठला होता, तो तसाच उभा राहिला. मग पडदा सरकवून आई बाहेर आली आणि तिचा चेहरा बघून विनोदला वाटलं, तिला भोवळ येतेय.

“आई, बस. पाणी देऊ?”

“शिल्पा,” आई म्हणाली. “फुलीचं मी तुला सांगितलं, ते तू कुठं लिहिलंस?”

शिल्पाश्रीनं लॅपटॉपवरून मान वर केली. “कुठं म्हणजे? फॉर्ममध्ये. शेवटचा कॉलम होता ना, विशेष सूचना.”

“तो कोण वाचतं?”

“कुणी वाचत नाही आज्जी. माणसं नाही वाचत. सिस्टम...” तिला काहीतरी समजलं होतं आणि ते विनोदलाही तिच्या तोंडावर दिसलं.

मग आईनं सगळं सांगितलं. पद्मक्काचं नाव घेऊन, पण दुखणं काय ते न सांगता. “त्यांची एक गोष्ट” एवढंच म्हणाली. विनोदला ती गोष्ट काय ते कळलं नाही, विचारायचा धीरही झाला नाही. चाळीस वर्षं या दुकानात वाढूनही पडद्यामागचं त्याला काही माहीत नव्हतं. त्याला फक्त टेबलावरची निळी फाइल दिसत होती. सहा मशिनींवर आता दोनच कारागीर बसत. पोरी मॉलमधून तयार कपडे आणत आणि दुकानात यायच्या त्या त्यांच्या आया, आणि आयाही एकेक करून कमी होत होत्या. तो कधीकधी दुपारी गल्ल्यावर एकटा बसून मशिनींकडे बघत राहायचा. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती कंपनी आली तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं होतं की हे आपल्यानंतरही चालेल.

“झालं ते वाईट झालं,” तो म्हणाला. “पण त्यांना आपला संशय आलेला नाही ना? तू नाही म्हणालीस ना?”

“म्हणाले.”

“मग आता ते उकरू नकोस.”

सत्यनारायणकाकानं पुडी खाली ठेवली. विनोदला वाटलं, आता हा फुटाण्यासारखा तडतडणार. कंपनीचं नाव काढलं की काका उसळत असे. मापं कंपनी पाठवणार तर मी काय मुंडावळ्या बांधून बसू, असं तो महिनाभर म्हणत होता आणि सहीला कसाबसा तयार झाला होता.

पण काका हळू आवाजात म्हणाला, “वैनी, विनोद म्हणतो ते बरोबर आहे.”

आईनं त्याच्याकडे चमकून बघितलं.

“मला ती कंपनी तेव्हाही नको होती, आत्ताही नको. फाइल फाडून टाका, माझी ना नाही. पण पद्मक्काला सांगू नका. ऐंशी वर्षं या दुकानात बायका डोळे मिटून आल्या. ही एक बाई बोलली की चामराजपेट, बसवनगुडी, सगळीकडे होईल. विठोजीच्या नावाला बट्टा लागेल. हॉस्पिटलवर जातंय तर जाऊ दे. त्यांचं काय वाकडं होणार आहे?”

“भावजी, तुम्ही हे म्हणता?”

“मीच म्हणतो. माझ्याकडे दुसरं काय आहे, वैनी? बायको नाही, पोर नाही. हा बोर्ड आहे.”

बाहेर कुणीतरी आणखी एक कोहळा फोडला आणि पोरं ओरडली.

“आज्जीनं सांगायला हवं,” शिल्पाश्री म्हणाली.

“तू गप्प बस,” विनोद तिच्यावर खेकसला. “तुझ्यामुळं झालंय सगळं. आणि तुझी नोकरी जाईल ते?”

“जाऊ दे.”

“जाऊ दे म्हणते! सरी, सरी, बरं, जाऊ दे. सगळंच जाऊ दे.” त्यानं फाइल उचलली, पुन्हा ठेवली. मग आईला विचारलं, “आणि सही?”

“वह्या माझ्या हातच्या आहेत. मी सही करणार नाही.”

“वह्या गेल्याच की आई,” तो म्हणाला. त्याला हे रागानं म्हणायचं होतं पण आवाज वेगळाच निघाला. “तू बोललीस, हिनं लिहिलं, त्या बाईंनी होय म्हटलं. सही काय, आता नुसती कागदावरची.”

*

शिल्पाश्रीला त्या संध्याकाळी लख्ख आठवत होत्या. सुरुवातीला ती घड्याळाकडे बघत बसायची. कामाचा भाग होता तो. साहेबानं सांगितलं होतं, जुन्या दुकानांच्या वह्या म्हणजे खजिना, तुझ्याच घरात आहे. ऑफिसातून निघायचं, के. आर. पुरमला मेट्रो पकडायची, कोपऱ्यावरच्या बेकरीतून दोन खारा बन घ्यायचे आणि आज्जीसमोर बसायचं. आज्जी पान उलटायची, नाव वाचायची. सोळाशे नावं. त्यांतल्या सत्तरेक नावांपुढं फुली.

पहिल्या फुलीला आज्जी म्हणाली होती, ते नसतं सांगायचं. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी शिल्पाश्री सहज म्हणाली, “मी काय परकी आहे का?” आणि आज्जी सांगायला लागली. मग थांबेचना. कोण रडत आली, कुणाचा नवरा बाहेर स्कूटरवर थांबायचा, कुणाला बंद गळ्याचा ब्लाउज का लागतो. सांगताना आज्जीचे गाल लाल व्हायचे. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून घरात आज्जीला सगळे “जेवलीस का” आणि “गोळी घेतलीस का” एवढंच विचारत. शिल्पाश्रीही तेच विचारायची. त्या महिन्यात तिला पहिल्यांदा कळलं की आज्जी गोष्ट किती सुरेख सांगते.

आणि ती ऐकता ऐकता टाइप करत होती. आज्जीला ते दिसत होतं. पण ते आकडे लिहिणं आहे असं तिला वाटलं असणार. शिल्पाश्रीनंही वेगळं काही सांगितलं नव्हतं. तिच्या मनात कपट नव्हतं. तिच्या मनात फक्त एक रिकामा कॉलम होता, आणि तो भरला की काम पुरं होणार होतं.

“आज्जी, सुट्टी संपली की मी तो कॉलम काढायला लावते,” ती म्हणाली. “सगळ्या सत्तर जणींचा. भांडेन त्यांच्याशी. आता कायदा आहे, काढावंच लागेल.”

“आणि ज्यांनी ती जाहिरात पाठवली?”

शिल्पाश्रीनं लॅपटॉप मिटला. “ती कंपनी वेगळी. यांनी त्यांना दिलं असणार. तिथून पुढं कुणाला गेलं ते... मला नाही सांगता येणार.”

आज्जीनं मान हलवली, जणू तिला एवढंच हवं होतं.

“भावजी,” ती सत्यनारायणाला म्हणाली, “तुमचं खरं आहे. बोर्डाला बट्टा लागेल. पण ती बाई माझ्यासाठी पोटच्या पोराशी भांडतेय. पोरगा खरं बोलतोय आणि ती त्याला खोटं ठरवतेय, माझ्या शब्दावर. त्या घरात तिला दुसरं कोण आहे? तोही तुटला तर?” मग नातीकडे वळली. “टॅक्सी बोलव.”

सत्यनारायणानं अडवलं नाही. त्यानं चुरमुऱ्यांची पुडी वैनीच्या हातात दिली आणि शटर हातानं वर धरलं.

*

पद्मावतीच्या सोसायटीच्या मोठ्या फाटकाशी पोचायला पावणेदोन तास लागले. रखवालदारानं मोठ्या फोनसारखी काचेची पाटी पुढं केली. नाव, फोन नंबर, कुणाकडे, कशासाठी. मग लक्ष्मीदेवीसमोर धरून फोटो काढला.

“फोटो कशाला?” तिनं कन्नडमध्ये विचारलं.

“रूल अम्मा. पाहुणे, डिलिव्हरी की कामवाली, सांगा.”

“पाहुणे,” शिल्पाश्री म्हणाली.

लक्ष्मीदेवीनं तिला फाटकातच थांबायला सांगितलं. पद्मावती खाली आली. वर बोलावलं नाही. कार्तिक घरी होता. दोघी मुलांच्या घसरगुंडीजवळच्या बाकावर बसल्या. तिथं एक लहानगा तीन चाकी सायकल घेऊन गोल गोल फिरत होता.

“सांगितलं मी त्याला,” पद्मावती म्हणाली. ती खुशीत होती. “म्हटलं, त्यांच्या तोंडून ऐकून आले. म्हणाला, बरं, हॉस्पिटलला नोटीस पाठवतो. आणि सॉरी म्हणाला. मग जेवायला बसलो एकत्र. तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात हो? प्रसाद राहिला म्हणून?”

“पद्मक्का, हॉस्पिटल नाही. मी सांगितलं.”

पद्मावतीनं तिच्याकडे वळून बघितलं.

“माझ्या नातीला. मापं उतरवून घेत होती. फुली कसली विचारलं. मी सांगितलं तिला. तुमचं सांगितलं, सगळ्यांचं सांगितलं. तिनं लिहून घेतलं ते मला कळलं नाही, पण सांगितलं मी. या तोंडानं. सकाळी नाही म्हटलं तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं, आणि आलं तेव्हा तुम्ही हात धरला होता माझा. सोडवेना.”

सायकलवाला मुलगा दोनदा फिरून गेला.

“का?” पद्मावतीनं विचारलं.

लक्ष्मीदेवीनं वाटेत किती कारणं जुळवली होती. नात आहे, परकी नाही, म्हातारपणी डोकं चालत नाही. त्यांतलं एकही आता तोंडात येईना.

“ती रोज येऊन बसायची हो,” ती म्हणाली. “महिनाभर. मला विचारायची, पुढं काय झालं आज्जी? हे गेल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. मी बोलले नाही तर ती उठून जाईल असं वाटायचं.”

हे बोलताना तिला लाज वाटली, कारण हे खरं होतं आणि यानं काहीच भरून येत नव्हतं.

पद्मावतीनं घसरगुंडीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, “तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काय म्हटलं होतं?”

“भरण घालायचं म्हणून सांगतेय, म्हणालात.”

“भरण मी घरी घातलं असतं. येतं मला टाका घालायला.” तिनं पदर खांद्यावर सारखा केला, डाव्या बाजूनं. “यांना माहीत होतं, पण त्याबद्दल बोलायला गेले तर ते घाबरायचे. बहिणीला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. तुम्ही टेप गळ्यात घालून उभ्या होतात, काही विचारत नव्हता. मला कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून सांगितलं. तुमच्यासारखंच.”

लक्ष्मीदेवीला वाटलं, ही आता हात हातात घेईल. पद्मावतीनं हात घेतला नाही. रागावलीही नाही. ती उठली.

“कार्तिकला सांगावं लागेल,” ती म्हणाली. “नोटीस धाडायच्या आत. तो म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं? म्हणू दे.”

“दिवाळीचा ब्लाउज शिवून ठेवलाय. पाठवू?”

“राहू दे. अनुषानं मागवलेत. त्या जाहिरातीतलेच.” तिला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. “माप बरोबर आहे म्हणे.”

लक्ष्मीदेवीनं पुडी पुढं केली. पद्मावतीनं ती घेतली, कारण प्रसाद नाकारायचा नसतो, आणि लिफ्टकडे चालू लागली. “पुन्हा या” म्हणाली नाही. “येऊ नका” असंही म्हणाली नाही.

टॅक्सीत बसल्यावर शिल्पाश्रीनं आज्जीचा हात धरला. तिचे डोळे रडून सुजले होते. फाटकाशी एकटी उभी असताना रडली असणार.

“आज्जी, काय म्हणाल्या त्या? खूप रागावल्या?”

लक्ष्मीदेवीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पद्मक्का काय म्हणाली, तिचा आवाज कसा होता, ते हसू कसं अर्धंच राहिलं. हे सगळं या पोरीला सांगितलं असतं तर ओझं निम्मं झालं असतं. पोरगी ऐकणारी होती, तिचा हात ऊबदार होता, आणि घरी पोचायला दोन तास होते.

“काही नाही,” ती म्हणाली.

“सांग ना. मी कुणाला सांगणार नाही. लिहिणार नाही. शप्पथ.”

“माहीत आहे गं बाळ मला. तू नाही सांगणार.”

“मग?”

लक्ष्मीदेवीनं मान हलवली. शिल्पाश्रीनं आणखी दोनदा विचारलं. एकदा सिग्नलला, एकदा पुलावर. तिसऱ्यांदा विचारायला तिनं तोंड उघडलं, आज्जीकडे बघितलं आणि मिटलं. मग तिनं हात काढून घेतला, रागानं नव्हे, नुसताच, आणि खिडकीबाहेर बघत बसली. कब्बनपेट येईपर्यंत दोघी बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर शिल्पाश्रीनं आज्जीला दुकानातलं काही कधी विचारलं नाही.